टोल्यांचा हिशेब

मी छत्तीस वर्षं नर्स होते. शिक्षण मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात, नोकरी बहुतेक सोलापुरात. निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या पंच कमिटीत आले आणि पहिलंच मोठं काम वाट्याला आलं. आमच्या मंडळीतली एक मुलगी आफ्रिकेत, मलावी देशातल्या एका लहान मिशन दवाखान्यात नर्स आहे. तिच्या वॉर्डातल्या मुलांसाठी ऑक्सिजनची यंत्रं घ्यायची होती, त्यासाठी पैसे जमवायचे. या कामाला दोन वर्षं लागली. दुसरी एखादी मंडळी अशा कामाला निघाली तर तिची दोन वर्षं वाचावीत, म्हणून हे लिहिते आहे.

1. ‘घरचं झालं थोडं’ म्हणणाऱ्याचं ऐकून घ्या

पहिल्याच सभेत एक वडीलधारे भाऊ उठले. म्हणाले, "सिस्टर, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! आपल्या सिव्हिलच्या दारात माणसं रात्र काढतात, आणि आपण आफ्रिकेला पैसे पाठवायचे?" मला राग आला नाही. सिव्हिलचं ते दार मी त्यांच्यापेक्षा जवळून पाहिलं आहे.

मी त्यांना मिरजेचं सांगितलं. विल्यम वॉनलेस हे कॅनडाचे डॉक्टर 1889 साली भारतात आले आणि 1894 मध्ये मिरजेला दवाखाना उभा राहिला. त्यामागे अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचं दान होतं. त्या काळी तिकडच्या चर्चमधल्या बायका एकत्र बसून बँडेज गुंडाळायच्या आणि पेट्या भरून मिशन दवाखान्यांना पाठवायच्या. त्यांच्या गावात आजारी माणसं नव्हती असं थोडंच आहे? त्या दवाखान्यात शिकले, म्हणून मी आयुष्यभर भाकरी खाल्ली.

मग मी आपल्या गावचंच उदाहरण दिलं. द्वारकानाथ कोटणीस 1910 साली सोलापुरात जन्मले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण येता-जाता बघतो. 1938 मध्ये देश पारतंत्र्यात होता, तरी जपानशी लढणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने हाक दिली. सुमारे 22,000 रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर जहाजाने निघाले. त्या पाचांत कोटणीस होते. 9 डिसेंबर 1942 ला ते तिकडेच गेले. वय अवघं बत्तीस. पुढचं सगळं काम संपेपर्यंत माझ्या मनात एक गोष्ट राहिली, की तेव्हा पैशाबरोबर माणूस गेला होता.

भाऊ खाली बसले. पुढे या कामासाठी चर्चमध्ये लिलाव झाला, त्यात पहिली बोली त्यांनीच लावली. पण त्यांचा प्रश्न खरा होता, म्हणून त्याच वर्षी सिव्हिलमधल्या नातेवाइकांसाठी रात्रीच्या जेवणाचे डबेही आम्ही सुरू केले.

2. काय हवं ते आधी विचारा

आम्ही उलटं केलं. उत्साहाच्या भरात एका खासगी दवाखान्याचं जुनं व्हेंटिलेटर कुणीतरी मिळवून दिलं आणि ते कसं पाठवायचं यावर तीन सभा घालवल्या. मग मुलीचं उत्तर आलं. दिवसातून कितीदा तरी वीज जाते. इथला प्लग तीन चपट्या पिनांचा, आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. व्हेंटिलेटर चालवणारा डॉक्टर नाही. आणि हे यंत्र बिघडलं तर त्याचा सुटा भाग कुठून आणू?

मला माझाच एक जुना वॉर्ड आठवला. दान आलेलं एक मॉनिटर तिथे सात वर्षं चादरीखाली झाकून होतं. त्याची एक वायर मिळत नव्हती, एवढंच कारण. त्याच्यासमोर फोटो काढलेले देणगीदार पुन्हा कधी आले नाहीत, आणि वायर हवी आहे हे आम्हीही त्यांना कधी कळवलं नाही. गरीब देशांतल्या दवाखान्यांतल्या लाखाहून जास्त उपकरणांची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. त्यांतली सुमारे 40 टक्के बंद निघाली. आकडा वाचला तेव्हा डोळ्यांसमोर तीच चादर आली.

मुलीने मागितलं ते साधं होतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर दोन, त्यांना स्टॅबिलायझर, मुलांच्या बोटाला बसतील असे ऑक्सिमीटरचे छोटे प्रोब, आणि फ्लो स्प्लिटर. कॉन्सन्ट्रेटर हवेतला नायट्रोजन शोषून घेतो आणि नव्वद टक्क्यांहून शुद्ध ऑक्सिजन देतो. त्याला सिलिंडर लागत नाही. न्यूमोनियाच्या तान्ह्या बाळाला मिनिटाला लिटर-दोन लिटर पुरतो. म्हणून 5 लिटरच्या एका यंत्रावर स्प्लिटर लावला तर तीन-चार मुलांना एकदम श्वास मिळतो. वीज गेली की कॉन्सन्ट्रेटर बंद पडतो, म्हणून एक सिलिंडर भरून जवळ ठेवावाच लागतो. हेही तिनेच लिहिलं होतं.

3. यंत्र तिकडच्याच विक्रेत्याकडून घ्या

थोडं महाग पडतं. पण दुरुस्तीला येणारा माणूस मिळतो, प्लगही तिथलाच असतो.

4. पावतीपुस्तक छापण्याआधी सीएला भेटा

हे आम्हाला उशिरा सुचलं. चर्च ही नोंदणीकृत संस्था, तिचा पैसा धर्मादाय आयुक्तांच्या नियमांत बांधलेला. धर्मादाय संस्थेने भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीत धरत नाहीत, त्याला खास मंजुरी लागते. व्यक्तीला मात्र रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली आपल्या खात्यातून परदेशी देणगी पाठवता येते. अमेरिकेत स्थायिक झालेला, तिथलं नागरिकत्व घेतलेला आमच्या मंडळीतला एक मुलगा आमच्याकडे पैसे पाठवायला निघाला होता. त्यालाही थांबवावं लागलं, कारण ती विदेशी देणगी ठरली असती. तो परस्पर दवाखान्यालाच देऊ लागला.

तेव्हा ठरलं असं. ज्यांची ऐपत होती त्या नऊ कुटुंबांनी आपापल्या खात्यातून थेट दवाखान्याच्या खात्यावर रक्कम पाठवली. त्यातून यंत्रं आली. पण महिला मंडळाने कडक भाकरी आणि शेंगा चटणी विकून जमवलेले पैसे? हंगामाच्या सणाच्या लिलावातले? ते चर्चचे, म्हणजे भारतातच खर्च व्हायचे. बायका हिरमुसल्या. गरिबाचाच पैसा मागे राहिला असं त्यांना वाटलं, मलाही तसंच वाटलं.

वाट मुलीनेच काढली. त्यांच्या दवाखान्यात एक तरुण इलेक्ट्रिशियन होता, यंत्रं सांभाळायला दुसरं कुणीच नव्हतं. त्याला भारतात बोलावून वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीचं शिक्षण दिलं तर? फी, राहणं, जेवण, सगळा खर्च इकडेच. सीए म्हणाले, हे करता येईल. कमिटीने रीतसर ठराव केला.

5. छोट्या रकमेचीही पावती नावानिशी द्या

लिलावात एक पपई 1,100 रुपयांना गेली, टाळ्या झाल्या. सगळं आवरल्यावर विडी वळणारी एक आक्का माझ्याकडे आली. पदराच्या गाठीत साठ रुपये. "एवढ्यासाठी पावती कशाला फाडता, बाई," म्हणाली. मी फाडली, तिचं पूर्ण नाव लिहून. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या बायबलमधल्या विधवेची गोष्ट दरवर्षी व्यासपीठावरून सांगायची आणि वार्षिक अहवालात फक्त हजाराच्या वरची नावं छापायची, हे मला पटत नाही. त्या वर्षी आम्ही सगळी नावं छापली, अकारविल्हे, रकमेशिवाय. दोन देणगीदार नाराज झाले. त्यांच्या घरी जाऊन मी बोलले, पण यादी बदलली नाही.

6. आजारी मुलांचे फोटो मागू नका

नळी लावलेलं बाळ पाहिलं की लोक जास्त देतात, असं मला अनेकांनी सांगितलं. माझ्या वॉर्डातल्या कुठल्याही बाळाचा फोटो मी असा कुणाला काढू दिला नसता.

7. पाहुण्याला रविवारी जेवायला बोलवा

शिक्षण संपवून तो तरुण इलेक्ट्रिशियन दोन दिवस सोलापूरला आला. ज्वारीची भाकरी त्याला लगेच आवडली. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा हाताने मोडून कालवणाबरोबर खातात, त्याला न्सिमा म्हणतात. उपासनेनंतर बायकांनी त्याला घेरलं. शिकलास काय ते दाखव, म्हणाल्या. 2021 साली ऑक्सिजनसाठी गावभर पळापळ झाली, तेव्हा घेतलेला एक कॉन्सन्ट्रेटर आमच्या स्टोअररूममध्ये होता. त्याने तो टेबलावर ठेवून मागचं झाकण उघडलं. आतला फोमचा फिल्टर धुळीने काळा झाला होता. तो साबणाच्या पाण्यात कसा धुवायचा, पिळायचा नाही, पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही, हे तो सांगत गेला आणि मी मराठीत बोलत गेले. आक्का सगळ्यांच्या पुढे उभी होती. तिने विचारलं, "किती दिवसांनी धुवायचा?"

"दर आठवड्याला."

तो परत गेल्याला आता वर्ष होत आलं. दर सोमवारी माझ्या फोनवर एकच फोटो येतो. दवाखान्यामागची दोरी, आणि तिच्यावर चिमट्यांनी अडकवलेले दोन फिल्टर. मी तो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकते. आक्काकडे स्मार्टफोन नाही, तिला रविवारी दाखवते.