दोन लायनी, एकच पाइप

आमचं ऑफिस भोसरीला, चार मजली इमारतीत. मागे गोडाऊन. तिथे फायबर टाकायचं ठरलं तेव्हा खरेदी आणि देखरेख दोन्ही माझ्या गळ्यात पडली. मी हिशोबाचा माणूस. तीन कोटेशनं मागवली, मीटरमागे भाव काढला आणि सगळ्यात स्वस्त ते उचललं. केबल कुठून जाणार, हे विचारलंच नाही. ठेकेदार म्हणाला, "लिफ्टशेजारी शाफ्ट आहे की." मी मान डोलावली.

एक हुशारी मात्र केली, किंवा तेव्हा ती हुशारी वाटली. एक लाइन गेली तर दुसरी असावी म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांकडून जोडण्या घेतल्या. दर महिन्याला दोन बिलं भरत होतो. मग 20 मेला, जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी, फाटकासमोर पाण्याच्या लाइनसाठी जेसीबी आला आणि सव्वाअकराला दोन्ही लायनी एकदम गेल्या. रिटर्न शेवटी मोबाइलच्या नेटवर, घाम पुसत भरलं.

संध्याकाळी जोडणीवाला मुलगा आला. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची टाकून बसला. काळं आवरण सोललं, आतली जेली पुसली आणि निळा, केशरी, हिरवा असे तंतू वेगळे केले. प्रत्येक तंतू स्पिरिटने पुसायचा, कापायचा आणि कापलेलं काचेचं कुसळ न चुकता डबीत टाकायचा. "अंगात गेलं की सापडत नाही साहेब." मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी उडाली आणि सांधा दिसेनासा झाला. काचेचा तंतू 125 मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा. त्यातही उजेड जातो तो गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा. इतक्या नाजूक मालाचं काम मी वायरमनच्या हिशोबाने दिलं होतं.

मान वर न करताच त्याने विचारलं, "दोन्ही लायनी एकाच पायपात कुणी घातल्या?"

तेव्हापासून मला कुणी सल्ला विचारला की मी आधी केबलचं नाव काढू देत नाही. इमारतीचा नकाशा हातात घ्या आणि रस्त्यावरच्या चेंबरपासून शेवटच्या मजल्याच्या रॅकपर्यंत पायी चाला. दोन कंपन्या घेणार असाल तर दोन वाटा हव्यात, शक्यतो इमारतीच्या दोन बाजूंनी. शाफ्टचं झाकण उघडून बघा. आमच्या शाफ्टमधला पाइप जुन्या टेलिफोनच्या वायरींनीच गच्च भरलेला होता. पाइप चाळीस टक्क्यांहून जास्त भरू नये, नाहीतर केबल ओढताना ताण येतो. आणि मजल्यामजल्याला स्लॅबमधली भोकं उघडीच होती. आग लागली तर धूर त्याच वाटेने वर चढणार. काम संपलं की ती भोकं आगरोधक मालाने बुजवून घ्या, आणि आत टाकायची केबल कमी धूर करणाऱ्या, हॅलोजनविरहित आवरणाचीच मागा. गोडाऊनच्या बाजूला उंदीर असतील तर चिलखती केबल घ्या, पण तिच्या पोलादाला अर्थिंग हवं.

कोअर, म्हणजे केबलमधले तंतू, किती घ्यायचे, यावर फार डोकं खाजवू नका. सहा लागत असतील तर चोवीस टाका. खर्च खोदाईचा आणि मजुरीचा, काच त्यामानाने स्वस्त. नव्या कामाला सिंगल मोडच, म्हणजे तो 9 मायक्रॉन गाभ्याचा तंतूच घ्या, असं माझं मत. गोडाऊनला तांब्याची वायर नेऊ, असं कुणी सुचवलं तर अंतर मोजा. शंभर मीटरपुढे ती चालत नाही, आणि दोन इमारतींमध्ये वीज पडली की दोन्हीकडची यंत्रं जाऊ शकतात.

दुसरी चूक उशिरा कळली. तिसऱ्या मजल्याचं नेट सहा महिने मध्येच तुटायचं. आम्ही स्विच बदलला, ठेकेदाराला शिव्या घातल्या, पुन्हा स्विच बदलला. त्याच मुलाला बोलावलं. त्याने ओटीडीआर, म्हणजे तंतूत उजेड सोडून दोषाची जागा शोधणारं यंत्र, लावलं. 1310 नॅनोमीटर तरंगलांबीला सगळं ठीक, 1550 ला एका जागी मोठी घट. "इथं वाकलीय." फॉल्स सीलिंगची टाइल काढली तर केबल काटकोनात दुमडून प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली. केबलच्या जाडीच्या दहापट त्रिज्येपेक्षा घट्ट वळण द्यायचं नसतं, ओढताना तर वीसपट. पट्टी कापली, वळण सैल केलं, काम झालं.

म्हणून शेवटचा हप्ता हातात ठेवा. प्रत्येक कोअरचा, दोन्ही तरंगलांबींवरचा चाचणी अहवाल आणि दोन्ही टोकांना लेबलं मिळाल्याशिवाय तो देऊ नका. "लाइट येतोय" ही चाचणी नव्हे. आणि टोकात डोळा घालून तर कधीच बघू नका. हा उजेड डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

आमची दुसरी लाइन आता मागच्या गल्लीतून येते. खोदाईचा अर्ज मी जूनमध्ये केला होता. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळेना, म्हणून पाइप पडला तो दिवाळीनंतर. तुमचं काम निघणार असेल तर अर्ज हिवाळ्यातच देऊन ठेवा.