घरच्या ईमेल सर्व्हरविषयी

 

घरातल्या संगणकावर स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवण्याचा चिरंजीवाचा मनोदय स्तुत्य आहे. मात्र त्यात टपाल स्वीकारणे आणि टपाल पाठवणे ही दोन निराळी कामे असून, पहिले जितके सुकर तितके दुसरे दुष्कर आहे, हे यंत्र विकत घेण्यापूर्वीच ध्यानात घेतलेले बरे.

एका सर्व्हरने दुसऱ्याकडे ईमेल कसे पोचवावे याचे नियम म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ते लिहिले तेव्हा जाळ्यावरची यंत्रे मोजकीच होती, त्यामुळे पाठवणारा खरोखर तोच आहे का, हे पडताळण्याची सोय त्यांत ठेवलेली नव्हती. पुढे स्पॅमचा सुळसुळाट झाला आणि ही उणीव नंतरच्या ठिगळांनी भरून काढावी लागली. डोमेनच्या नावाने कोणकोणत्या आयपी पत्त्यांवरून टपाल निघू शकते हे डीएनएसमध्ये, म्हणजे नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदव्यवस्थेत, जाहीर करणारी नोंद ती एसपीएफ. गुप्त किल्लीने केलेली व जाहीर किल्लीने तपासता येणारी पत्रावरची स्वाक्षरी ती डीकेआयएम. आणि या दोहोंपैकी एकाही कसोटीला न उतरलेल्या पत्राचे काय करावे हे सांगणारे धोरण ते डीमार्क. या तिन्ही नोंदी डोमेनधारकाच्या हातात असतात आणि थोड्या अभ्यासाने साधतात.

खरी अडचण घरच्या जोडणीची आहे. तिचा आयपी पत्ता बहुधा बदलता असतो; कित्येकदा सीजीनॅट या पद्धतीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असल्याने बाहेरच्या सर्व्हरला घरापर्यंत पोचताच येत नाही; आणि सर्व्हर ज्या दाराने परस्परांना टपाल देतात ते पोर्ट २५ पुष्कळ इंटरनेट सेवादाते बंदच ठेवतात. शिवाय पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद, म्हणजे पीटीआर, डोमेनधारकाला परस्पर बदलता येत नाही, कारण पत्ता सेवादात्याच्या मालकीचा असतो. आणि फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल तर लहानमोठ्या प्रत्येक पाठवणाऱ्याकडून ही नोंद मागते. थेट टपाल स्वीकारू नये अशा पत्त्यांची स्पॅमहाउस या संस्थेची पीबीएल ही यादी तर घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे नोंदवते, मग त्या घरातून एकही स्पॅम गेलेला नसो. हा न्याय नव्हे, पण व्यवहार असा आहे.

म्हणून चिरंजीवाने स्थिर पत्ता घ्यावा आणि पोर्ट २५ आत येणाऱ्या टपालासाठी खुले आहे याची सेवादात्याकडून लेखी खात्री करावी. येणारे टपाल घरीच घ्यावे: ते स्वीकारण्यास वित्से वेनेमा यांचे पोस्टफिक्स आणि साठवून वाचकाला देण्यास डव्हकॉट पुरेसे आहे. वीज गेल्याची धास्ती नको, कारण पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. डिस्क बिघडल्यास मात्र असा आधार नाही, तेव्हा प्रत दुसऱ्या जागी ठेवावी. जाणारे टपाल ते पुढे पोचवणाऱ्या एखाद्या विश्वासू रिले सेवेमार्फत, पोर्ट ५८७ वरून, पासवर्ड देऊन पाठवावे. सारे काही घरचेच असावे असा हट्ट धरणारे यास भेसळ म्हणतील, पण न पोचणाऱ्या पत्राच्या शुद्धतेला अर्थ नाही. कोणाही अनोळखी माणसाचे टपाल पुढे ढकलणारा सर्व्हर, म्हणजे ओपन रिले, चुकूनही उघडा राहू नये. तसे झाल्यास पत्ता काळ्या यादीत जातो.

बँकेची व सरकारी खाती पहिल्या काही महिन्यांत या पत्त्यावर हलवू नयेत. डोमेनचे शुल्क मात्र अनेक वर्षांचे एकदम भरून ठेवावे, कारण मुदत संपून ते नाव दुसऱ्याने घेतल्यास पासवर्ड बदलण्याची सारी पत्रे त्याच्याकडे जातील, आणि घरचा सर्व्हर कितीही उत्तम चालत असला तरी ती थांबवू शकणार नाही.