सिकलसेलग्रस्त बालक, पालक आणि डॉक्टर

विदर्भात सिकलसेल हा शब्द आता बहुतेक घरांना ठाऊक आहे. आदिवासी समाजात व आपल्या बौद्ध समाजात या आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे. आजार म्हणजे काय, हे आरोग्य कर्मचारी गावोगावी सांगतात. परंतु आजारी लेकराला घेऊन डॉक्टरांसमोर उभे राहिल्यावर काय सांगावे आणि काय विचारावे, हे आईबापांना कोणी शिकवीत नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

१. आजाराचे स्वरूप

अमेरिकेतील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये आढळला. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लिहिले.

निरोगी तांबडी पेशी गोल व लवचिक असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लवकर नष्ट होते. त्यामुळे असह्य वेदना, रक्तक्षय, कावीळ व वारंवार जंतुसंसर्ग होतो. आजार आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही. आई व वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. यात आईचा दोष नाही, बापाचाही नाही. हे घरातील वडीलधाऱ्यांनी आधी समजून घ्यावे.

२. पालकांच्या बोलण्याचे महत्त्व

आपण डॉक्टरांना मान देतो, ते योग्यच आहे. परंतु मान देणे म्हणजे गप्प बसणे नव्हे. याचे उत्तम उदाहरण जमैका या बेटावरील आहे. तेथे १९७३ पासून किंग्स्टन शहरात एक लाख नवजात बालकांची तपासणी करून सिकलसेलची मुले शोधण्यात आली. या आजारात लहान मुलाच्या प्लीहेत (पानथरीत) अचानक रक्त साठते आणि काही तासांत प्राण जाऊ शकतो. म्हणून डॉ. ग्रॅहम सर्जंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांना मुलाच्या पोटाची डावी बाजू हाताने चाचपून पाहण्यास शिकविले. प्लीहा वाढलेली लागताच आई मुलाला दवाखान्यात आणू लागली. पूर्वी अशा शंभर प्रसंगांमागे सुमारे २९ मृत्यू होत, ते सुमारे ३ वर आले. आईचा हात आणि आईचा शब्द हा उपचाराचाच भाग आहे, हे यावरून सिद्ध होते.

वेदनेचे तर विशेषच आहे. ती कोणत्याही यंत्रात दिसत नाही. माझ्या मोठ्या भावाची मुलगी नऊ वर्षांची असताना एका रात्री तिचे दोन्ही गुडघे ठणकू लागले. दवाखान्यातील डॉक्टर म्हणाले, “परीक्षा जवळ आली असेल, म्हणून कारणं सांगते.” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “साहेब, पोरगी ढोंग नाही करून राहिली. तिले सिकलसेल आहे. ही वही पाहा.” डॉक्टरांनी वही वाचली, मुलीला भरती करून घेतले, सलाईन व वेदनाशामक सुरू केले. सकाळी त्यांनीच ती वही केसपेपरसोबत ठेवावयास सांगितली. वहिनींनी आवाज चढविला नाही आणि जागाही सोडली नाही.

३. वहीत काय असावे

आम्ही बँकेत काम करणारी माणसे नोंदीशिवाय व्यवहार मानत नाही. ग्राहक पासबुक घेऊन आला म्हणजे अर्धे काम सोपे होते. आजारी मुलाचेही असेच पासबुक असावे. शंभर पानी वही पुरेशी आहे. त्यात पुढील नोंदी ठेवाव्यात :

(अ) मुलाचे नाव, वय, वजन, रक्तगट व सिकलसेलचा प्रकार.
(आ) बरे असतानाचे नेहमीचे हिमोग्लोबिन. अनेक मुलांचे ते ७ ते ९ च्या आसपासच असते. नेहमीचा आकडा माहीत असला म्हणजे आजचा आकडा किती घसरला हे डॉक्टरांना कळते व रक्त द्यावयाचे की नाही हे ठरविता येते.
(इ) चालू औषधे, मात्रा व ज्या औषधाने त्रास झाला त्याचे नाव.
(ई) वेदना केव्हा सुरू झाली, कोठे आहे, घरी काय दिले, फरक पडला का.
(उ) भरती झाल्याच्या तारखा, रक्त दिल्याच्या तारखा व लसीकरण.

“लेकराला बरं नाही, लवकर पाहा” असे सांगण्याऐवजी “सात वर्षांचा मुलगा, सिकलसेल एसएस, काल रात्री नऊपासून दोन्ही मांड्या दुखतात, पॅरासिटामॉल दोनदा दिले, फरक नाही” असे सांगावे. कॅज्युअल्टीत अर्ध्या मिनिटात सगळे कळते.

४. विचारावयाचे प्रश्न

हायड्रॉक्सियुरिया हे औषध माझ्या मुलाला उपयोगी आहे का? चालू केल्यास रक्ताची तपासणी किती दिवसांनी करावयाची? पाच वर्षांखालील मुलाला पेनिसिलिन द्यावयाचे का? न्यूमोकोकसची लस झाली का? फॉलिक ॲसिड किती काळ घ्यावयाचे? रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, तर लोहाची कमतरता खरोखर तपासली आहे का, हेही नम्रपणे विचारावे. सिकलसेलमध्ये रक्त कमी असण्याचे कारण बहुधा वेगळे असते. उत्तर समजले नाही तर “पुन्हा एकदा सांगा” म्हणण्यात कमीपणा नाही. औषध मात्र डॉक्टरांना न सांगता बंद करू नये.

५. घरी वाट पाहू नये अशी लक्षणे

१०१ अंश किंवा अधिक ताप. छातीत दुखणे वा धाप लागणे. मूल एकाएकी पांढरे पडणे व पोट फुगणे. एका बाजूचा हातपाय लुळा पडणे वा बोबडी वळणे. घरच्या औषधाने न थांबणारी वेदना. यांपैकी एकही दिसल्यास सकाळची ओपीडी उघडण्याची वाट न पाहता तडक मोठे रुग्णालय गाठावे. अमरावतीकरांनी इर्विन, अकोलेकरांनी सर्वोपचार रुग्णालय जवळ करावे. अकोल्याच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी झाले तरी वेदना उसळते. म्हणून वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देण्याविषयी गुरुजींना लेखी विनंती करावी.

६. कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा समावेश झाला आहे. त्याचे प्रमाणपत्र शासकीय रुग्णालयातून मिळते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व ठरल्यास आरक्षणासारखे लाभ मिळू शकतात. एस.टी.च्या साध्या बसमध्ये सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवासाची सवलत आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. या गोष्टी मागणे म्हणजे भीक नव्हे, तो हक्क आहे.

समारोप

विनयपिटकातील महावग्गात अतिसाराने पडलेल्या व एकट्या राहिलेल्या भिक्षूची शुश्रूषा भगवान बुद्धांनी स्वतः आनंदासह केल्याची कथा आहे. त्याच प्रसंगात चांगल्या रुग्णाचे लक्षण सांगितले आहे, की तो आपला आजार आहे तसा सांगतो. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला असे सांगतो. लहान मुलाला हे सांगता येत नाही. त्याच्या वतीने ते आईबापांनी सांगावयाचे आहे. ज्या आईला लिहिता येत नाही तिची वही शेजारच्या विद्यार्थ्याने लिहून द्यावी. आपल्या मंडळाच्या प्रत्येक सुशिक्षित तरुणाने अशा एका घराची जबाबदारी घेतली, तरी पुष्कळ लेकरांच्या वेदनेला वेळेवर वाचा फुटेल.