सदोष विधेयक आणि सभागृहाचे कर्तव्य

एका अभिरूप संसदेत प्रस्तुत लेखक विरोधी बाकावर होता. सत्ताधारी पक्षातील एका विद्यार्थिनीने विधेयक मांडले : प्रत्येक पोलीस ठाण्यात रात्रंदिवस किमान एक महिला पोलीस असलीच पाहिजे. लेखकाने उभे राहून एवढेच सांगितले, की ‘पोलीस’ हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहे. हे सभागृह संसद आहे, राज्याचे विधिमंडळ नव्हे. सबब विधेयक बाद ठरते. बाके वाजली आणि विधेयक तेथेच संपले. सभा सुटल्यावर ती म्हणाली, “तुझा मुद्दा बरोबर होता रे. पण रात्री तक्रार द्यायला गेलेल्या बाईने कोणाशी बोलायचे, हे मात्र तू सांगितले नाहीस.”

या प्रश्नाला तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढे अमेरिकेतील विद्यार्थी वादसभांविषयी वाचताना असे दिसले, की हाच पेच तेथील मुलांनाही पडतो. त्यावरील उपायांचा विचार आपल्यालाही उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

विद्यार्थी-काँग्रेसचे स्वरूप

येथे ‘काँग्रेस’ म्हणजे अमेरिकेचे केंद्रीय विधिमंडळ. माध्यमिक शाळांतील मुले प्रतिनिधी किंवा सिनेटर होऊन त्याच्या धर्तीवर सभा भरवितात. १९२५ साली विस्कॉन्सिन राज्यातील रिपन येथे ब्रूनो जेकब यांनी स्थापिलेल्या नॅशनल फोरेन्सिक लीग या संस्थेने या सभांना राष्ट्रीय रूप दिले. २०१४ पासून ही संस्था नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन या नावाने ओळखली जाते.

विधेयके मुले स्वतः लिहितात. काय करावयाचे, शब्दांच्या व्याख्या कोणत्या, अंमलबजावणी कोणते खाते करील आणि कायदा कधीपासून लागू होईल, हे कलमवार द्यावे लागते. ठरावाचे स्वरूप निराळे असते. ‘ज्याअर्थी’ म्हणून कारणे आणि ‘त्याअर्थी’ म्हणून सभागृहाचे मत, एवढेच त्यात येते. एका भाषणाला तीन मिनिटे मिळतात. एक अनुकूल, एक प्रतिकूल असा क्रम चालतो आणि भाषणानंतर प्रश्न विचारले जातात.

विधेयके विद्यार्थ्यांच्या हातची असल्यामुळे त्यांत दोष राहणारच. हे दोष दोन जातींचे असतात आणि दोहोंची गल्लत केली, की वाद भरकटतो.

पहिला दोष : मसुद्याचा

व्याख्या सुटलेली असते, खर्चाची तरतूद नसते, अंमलाची तारीख अशक्य असते किंवा ज्या खात्यावर काम सोपविले त्याचा त्या कामाशी संबंधच नसतो. असा दोष दिसताच विरोधक आनंदून जातात. एक वक्ता उठतो आणि तारीख चुकली म्हणतो. दुसरा उठतो तोही तेच म्हणतो. तासभर चर्चा होते, पण ज्या प्रश्नासाठी विधेयक आले त्याला कोणी हात लावीत नाही.

वस्तुतः यावर सोपा उपाय नियमांतच आहे. सभासद लेखी दुरुस्ती देऊ शकतो. ती विषयाला धरून आहे काय, हे पीठासीन अधिकारी पाहतो. एकतृतीयांश सभासदांचे अनुमोदन मिळाले की ती विचारात घेतली जाते आणि बहुमताने संमत होते. मात्र दुरुस्तीच्या नावाखाली विधेयकाचा मूळ हेतू उलटा करता येत नाही. तात्पर्य, जो दोष एका ओळीने दुरुस्त होतो, त्यावर तीन मिनिटे खर्च करू नयेत. ती ओळ लिहून द्यावी. जो दोष दुरुस्त करू गेल्यास विधेयकच उरत नाही, तोच खरा विरोधाचा मुद्दा.

दुसरा दोष : अधिकारक्षेत्राचा

हा दोष अधिक गंभीर. अमेरिकन घटनेने काँग्रेसला दिलेले अधिकार मोजके आहेत; १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीनुसार उरलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतात. शाळांचा अभ्यासक्रम, विवाह, स्थानिक पोलीस हे विषय मुख्यतः राज्यांचे. मुले मात्र उत्साहाने त्यांवरच विधेयके लिहितात.

परंतु ही चूक केवळ मुलांचीच आहे, असे समजण्याचे कारण नाही. खऱ्या काँग्रेसकडूनही ती झालेली आहे. १९९० साली तिने शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणे हा केंद्रीय गुन्हा ठरविला. १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा अवैध ठरविला. कारण काँग्रेसला आंतरराज्य व्यापाराचे नियमन करता येते, पण शाळेत बंदूक नेणे हा काही व्यापार नव्हे. काँग्रेसने विषय सोडला नाही. १९९६ साली, आंतरराज्य व्यापारातून आलेल्या बंदुकीपुरता तो गुन्हा, असे कलम घालून तिने कायदा पुन्हा केला.

दुसरा मार्ग पैशाचा. मद्यपानाचे किमान वय ठरविणे हा राज्यांचा प्रांत. १९८४ साली काँग्रेसने ते स्वतः ठरविले नाही. जे राज्य ते २१ वर्षे करणार नाही, त्याच्या महामार्ग-निधीतील काही टक्के रक्कम रोखली जाईल, एवढेच म्हटले. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले. उलट, १९९३ च्या कायद्याने बंदूक खरेदीदारांची तपासणी स्थानिक पोलीस अधिकाऱ्यांवर लादली, ती १९९७ मध्ये रद्द झाली. राज्याला सशर्त पैसा देता येतो, पण त्याच्या अधिकाऱ्याला हुकूम सोडता येत नाही, असा हा भेद आहे.

तिसरा मार्ग घटनादुरुस्तीचा. १९७० साली काँग्रेसने मतदानाचे वय साध्या कायद्याने १८ केले. त्याच वर्षी न्यायालयाने निर्णय दिला, की हे केंद्रीय निवडणुकांपुरते चालेल. राज्यांच्या निवडणुकांना लागू होणार नाही. लगेच मार्च १९७१ मध्ये काँग्रेसने घटनादुरुस्ती मांडली आणि १ जुलै १९७१ पर्यंत आवश्यक त्या तीनचतुर्थांश राज्यांनी तिला संमती दिली. अधिकार नाही म्हणून प्रश्न मिटला नाही. तो योग्य दाराने आत आला.

वक्त्याने काय करावे?

यावरून प्रतिकूल वक्त्यासाठी तीन पायऱ्या सांगता येतील. प्रथम, आक्षेप नेमक्या कलमाच्या आधारे घ्यावा. ‘हे घटनाबाह्य आहे’ एवढी मोघम घोषणा करू नये. दुसरे, मूळ प्रश्न खरा आहे की नाही, हे प्रामाणिकपणे सांगावे. तिसरे, तो खरा असल्यास योग्य दार दाखवावे : सशर्त निधी, राज्यांना आवाहन करणारा ठराव, नाही तर घटनादुरुस्ती. विधेयक मांडणाऱ्यानेही घटनेतील आधार पहिल्याच भाषणात सांगून टाकावा, म्हणजे पुढचा वेळ विषयाला मिळतो.

आपल्याकडे

आपली घटनाही हीच वाट दाखविते. अनुच्छेद २५२ अन्वये दोन किंवा अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी ठराव केल्यास संसद त्यांच्यासाठी राज्यसूचीतील विषयावर कायदा करू शकते; १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा याच मार्गाने झाला. लोकसभेच्या नियम ७२ नुसार, सभागृहाला अधिकारच नाही या कारणाने विधेयक मांडण्यास विरोध झाला, तर अध्यक्ष त्यावर पूर्ण चर्चा होऊ देऊ शकतात आणि मग प्रश्न मताला टाकला जातो. म्हणजे अधिकाराचा आक्षेप हादेखील चर्चेचाच एक भाग आहे. चर्चा टाळण्याची ती सबब नव्हे.

आज ते विधेयक पुन्हा समोर आले, तर लेखक पुन्हा उभा राहील आणि राज्यसूचीचा आक्षेप घेईलच. तो आक्षेप खराच होता. पण त्यानंतर तो खाली बसणार नाही. पोलीस आधुनिकीकरणासाठी केंद्र राज्यांना जे साहाय्य देते, त्याला महिला पोलिसांच्या नेमणुकीची अट जोडावी, अशी दुरुस्ती तो लिहून देईल. ती संमत होईल की नाही, हे सभागृह ठरवील. निदान त्या बाईने रात्री कोणाशी बोलायचे, हा प्रश्न तरी पटलावर राहील.