आधी काडतूस, मग बंदूक

ॲथेन्सला २००४ साली राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून एकावर एक नळ्या असलेली ओव्हर-अंडर बंदूक माझ्या डोक्यात घर करून होती. बेंगळूरमधल्या चामराजपेटच्या आमच्या घरात याआधी कुणी बंदुकीला हात लावला नव्हता, त्यामुळे सल्ला द्यायला कुणी नव्हतं. नवीन परवडेना, म्हणून जुनी शोधू लागलो. शेवटी एका गन हाउसमध्ये कोडगूच्या कॉफीमळ्यातून आलेली एक पाहायला मिळाली. जर्मनीतल्या झूल गावची, १६ बोअर, नक्षी तर बघतच राहावी अशी. मी ती घेतली नाही. का, ते सांगतो.

‘असा पीस परत मिळणार नाही सर,’ दुकानदार म्हणाला. खरंच होतं. तिची स्प्रिंगही परत मिळणार नव्हती. परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. फायरिंग पिन तुटली तर घासून नवी बनवणारा कारागीर गाठावा लागतो, आणि असे हात आता फार थोडे उरलेत.

काडतुसाचं दुखणं त्याहून मोठं. १२ बोअरची काडतुसं आपल्या पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात बनतात, रेंजवरही सगळा कारभार १२चाच. १६ मागितलं की दुकानदार मान हलवतो.

नळ्या उतरवून खालची बाजू पाहिली. गोलात १६, मुकुटाखाली ‘एन’ आणि ५३८ हा आकडा, म्हणजे मे १९३८. ‘एन’ असला की धूरविरहित दारूची चाचणी झालेली असते. तो नसेल तर आजचं काडतूस तिच्यात घालायचा विचारसुद्धा करू नका. चेंबरची लांबी मात्र कुठेच कोरलेली नव्हती. गेजने मोजली, ६५ मिलिमीटर भरली. इथे भलेभले फसतात. ७० मिलिमीटरचं काडतूस ६५च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण ७० हे माप उडाल्यावर उलगडलेल्या काडतुसाचं असतं. उडताना त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. आत बसलं म्हणजे चाललं, असं समजू नका.

मग नळ्या दोरीने टांगून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली. देवघरातल्या घंटेसारखा नाद यायला हवा होता, आला तो बद्द आवाज. म्हणजे दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलेली. कोडगूच्या पावसात वर्षानुवर्षं कॅनव्हासच्या पिशवीत पडून राहिलेल्या बंदुकीत गंज नेमका तिथे शिरतो, जिथे तेलाचा बोळा पोचत नाही. बंदूक बंद केली की वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना मागे आलेले दोन कान बंदुकीच्या भिंतीतल्या खाचांत जाऊन बसतात आणि त्यांतून आडवी खीळ जाते. जर्मनांची ही करामत मला फार आवडते, पण झिजली की तिला जागेवर आणणारा माणूस मिळत नाही. पुढचं लाकूड काढून बंदूक बंद केली आणि हलवून पाहिली, तर खुळखुळली. वरचा खटका बंद स्थितीत मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे थांबायला हवा. तो डावीकडे सरकला होता. एवढं पाहिल्यावर मी किंमत विचारलीच नाही.

कागदांचं दुकानात कुणी बोलत नाही. कोडगूतल्या कोडव समाजाला आणि तिथल्या जम्मा, म्हणजे पिढीजात जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे, पण ती सूट माणसाला. बंदुकीबरोबर ती बेंगळूरला येत नाही. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात. त्यातली एक जागा अशा बंदुकीने अडवायची का, याचा विचार करा. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचं नावही काढायचं नाही, म्हणजे तिचं काम राहिलं रेंजपुरतं, आणि तिथे काडतूस नाही. तुमच्या परवान्यावर १२ बोअरची नोंद असेल तर १६ची बंदूक घरी आणणं हा सरळ गुन्हा आहे.

आणि गन हाउस टाळून एखाद्या परवानाधारकाकडून थेट घेत असाल, तर त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला तुमच्या नावानिशी लेखी कळवल्यावर ४५ दिवस उलटेपर्यंत बंदूक तुमच्या हातात देता येत नाही. एवढ्या दिवसांत गेज आणि टॉर्च घेऊन दोनदा जाऊन या.