गाडलेले काड व पिवळे पीक

पीक निघाल्यावर शेतात जे काड, जी धसकटे व जे पाचट उरते ते जाळू नये, मातीत गाडावे, असा उपदेश शेतकऱ्यास वारंवार करण्यात येतो. आणि तो योग्यच आहे. परंतु हा उपदेश मानून ज्याने कोरडे काड गाडले व लागलीच पेरणी केली, त्याचे पीक पुष्कळदा पिवळे पडून खुंटते. मग तो म्हणतो, "ह्यापेक्षा जाळले असते तर काय वाईट होते?" आणि पुढल्या वर्षी शेतास आग लावतो. चांगल्या उपदेशाचे फळ असे कडू का यावे, ह्याचा विचार आम्ही ह्या पाठात करणार आहोत.

पहिली गोष्ट: कुजविणारे कोण?

काड आपोआप कुजत नाही. मातीत डोळ्यांस न दिसणारे असंख्य जंतू व बुरशा असतात. ते काड खातात, आणि त्यांच्या ह्या खाण्यासच आपण कुजणे म्हणतो. त्यांच्या अन्नात कर्ब व नत्र ही दोन द्रव्ये मुख्य होत. कर्बाचा मोठा भाग जाळून ते शक्ती मिळवितात आणि उरलेला भाग शरीर बांधण्यास लावतात; पण नत्रावाचून ते शरीर बांधले जात नाही.

दुसरी गोष्ट: नत्राचा हिशेब

जंतूच्या शरीरात सुमारे ८ भाग कर्बास १ भाग नत्र असते. हे ८ भाग अंगी लागावे म्हणून आणखी सुमारे १६ भाग कर्ब त्यास जाळावा लागतो. म्हणजे ज्या अन्नात २४ भाग कर्बास १ भाग नत्र आहे, ते त्यास पुरेसे होय. आता गव्हाचे काड पाहा. त्यात सुमारे ८० भाग कर्बास १ भाग नत्र असते. इतका कर्ब खावयास तीन भागांहून अधिक नत्र लागते, आणि काडात आहे एकच. राहिलेले नत्र जंतू मातीतून ओढून घेतात. ते मातीच्या कणाकणात पसरलेले असल्यामुळे कोवळ्या मुळांच्या आधी त्यांचा हात पोहोचतो, आणि पीक उपाशी राहते.

तथापि हे नत्र बुडाले असे नाही. काड संपत आले म्हणजे जंतूही मरू लागतात, आणि त्यांच्या शरीरांतील नत्र सुटून पुन्हा मुळांस मिळते. तेव्हा हानी गाडण्याने होत नाही; नत्रावाचून व अवेळी गाडण्याने होते.

तिसरी गोष्ट: उपाय

इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात हचिन्सन व रिचर्ड्स ह्यांनी १९२१ मध्ये असे दाखविले की, १०० शेर कोरडे काड नीट कुजण्यास सुमारे पाऊण शेर नत्र वरून द्यावे लागते. पुढे इंदूर येथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड ह्यांनी विकत खतावाचून तेच साधले. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती व राख ह्यांचे थर रचावे, ओल राखावी व ढीग वरचेवर उलटावा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते, असे त्यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात सांगितले. कपाशीच्या कठीण पऱ्हाट्या ते शेतातील रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चेचून घेत. गोमूत्रात नत्र विपुल असते. ते गोठ्याबाहेर वाहून जाऊ देणे म्हणजे खत फुकट घालविणे होय.

शेतातच गाडावयाचे असेल तर काड बारीक करावे, जमिनीत ओल असावी, आणि पेरणीपूर्वी काही आठवडे जाऊ द्यावे. बरोबर शेणखत किंवा कोवळा ताग घालावा. उसाच्या पाचटासाठी महाराष्ट्रातील शेतीतज्ज्ञ दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कुजविणारे जीवाणू सांगतात. थांबण्यास वेळ नसेल तर त्या वावरात हरभऱ्यासारखे कडधान्य घ्यावे, कारण त्याच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र मिळवितात.

चौथी गोष्ट: अधिक म्हणजे उत्तम नव्हे

नत्राने कुजणे वाढते, तर मग भरपूर नत्र घालावे, असे कोणी म्हणेल. परंतु काष्ठद्रव्याचे, म्हणजे लाकडास कठीणपणा देणाऱ्या द्रव्याचे, तसे नाही. ते फोडणाऱ्या बुरशा नत्र विपुल असता आपले काम पुष्कळदा मंद करतात. अमेरिकेतील नॉर, फ्रे व कर्टिस ह्यांनी २००५ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र विचार केला. त्यांस असे आढळले की, काष्ठद्रव्य थोडे असलेला पाला वरून दिलेल्या नत्राने लवकर कुजतो, आणि ते फार असलेला पाला उलट सावकाश कुजतो. शिवाय नत्राची टंचाई पडली म्हणजे काही जंतू मातीतील जुनी काळी कूज फोडून त्यातून नत्र काढतात. म्हणून नत्र फार तुटू देऊ नये, आणि वाटेल तितके ओतूही नये. गाडावयाच्या वस्तूकडे पाहून माप ठरवावे.

वाचकहो, आगीत काडातील बहुतेक कर्ब व नत्र धूर होऊन जाते आणि शेतास केवळ राख उरते. ज्याचे पीक एकदा पिवळे पडले त्यास दोष न देता हा हिशेब समजावून सांगा. म्हणजे तो पुन्हा आग लावणार नाही.

वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. काड गाडल्यावर पीक पिवळे का पडते?
२. ते नत्र पुन्हा पिकास केव्हा मिळते?
३. आपल्या गावात गोमूत्र वाया जाते काय? ते कसे राखता येईल?
४. ताग व पऱ्हाट्या ह्यांस एकच माप का लावू नये?