यवतमाळात हरणाची शिकार : बिल कितीचे?

पांढरकवड्याच्या बाजूला कोणी ‘गाडी, बंदूक, वाट दाखवणारा माणूस, सगळं आपल्याकडं’ असं हळूच कानात सांगितलं, तर तो मागतोय ती रक्कम फक्त आगाऊ समजा. बाकीचं बिल वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लावतो.

काळवीट, चिंकारा आणि चौसिंगा पहिल्या अनुसूचीत आहेत. यांतला एक मारला तर 3 ते 7 वर्षांची कैद आणि 2022च्या दुरुस्तीनंतर किमान 25 हजारांचा दंड. टिपेश्वर किंवा पैनगंगा अभयारण्याच्या हद्दीत रोही (नीलगाय) मारला तरी हिशेब तोच. गाडी आणि बंदूक सरकारजमा होऊ शकते. वकिलाची फी यात धरलेली नाही, आणि ती किती वर्षं भरावी लागेल ते विचारू नका. सलमान खानचं काळवीट प्रकरण 1998चं. जोधपूरच्या न्यायालयानं 5 वर्षांची शिक्षा सुनावली 2018 साली.

एके काळी हा धंदा नागपुरातून राजरोस चालायचा. राजकारणी विद्याचरण शुक्लांची अल्विन कूपर कंपनी पाहुण्यांसाठी मध्य भारतात शिकारी मोहिमा काढायची. तो जमाना संपला.

बंदुकीचीच हौस असेल तर दक्षिण आफ्रिका किंवा नामिबिया. तिथं दिवसाचं भाडं वेगळं आणि प्रत्येक जनावराची किंमत वेगळी: स्प्रिंगबकला काहीशे डॉलर, कुडूला हजारांत. पॅकेजचा आकडा स्वस्त वाटला तर हे दोन्ही त्यात आहेत का ते बघा. जनावर जखमी होऊन निसटलं तरी पूर्ण पैसे द्यावे लागतात, हे करारात बारीक अक्षरांत असतं. आणि शिंगं मायदेशी आणण्याचा विचार सोडा. आपल्याकडं अशा आयातीवर कडक निर्बंध आहेत. गंमत म्हणजे आपल्या वावरातला रोही मारायला टेक्सासात लोक हौसेनं डॉलर मोजतात.

नुसतं बघायचं असेल तर खर्च आवाक्यातला. टिपेश्वरला प्रवेश शुल्क, गाईड आणि जिप्सी असे तीन खर्च. जिप्सीचं भाडं गाडीमागे असतं, म्हणून सहा जण जमवा. दर बदलत राहतात. वन विभागाच्या संकेतस्थळावर दिसेल तोच धरा, हॉटेलवाला सांगेल तो नको. टिपेश्वरात लोक वाघासाठी जातात, रोही आपोआप दिसतो. काळविटासाठी मात्र शेजारच्या वाशीम जिल्ह्यातलं कारंजा-सोहोळ गाठा. माझं मत विचाराल तर पहिली फेरी तिथलीच करा.

शेतकऱ्याचा प्रश्न वेगळा. रोह्यानं तूर-हरभरा तुडवला तर जागल करून वैतागलेला माणूस बंदुकीकडं बघतो, पण लेखी परवान्याशिवाय तोही गुन्हेगार ठरतो. नुकसान दिसताच फोटो काढा आणि 3 दिवसांच्या आत वन कार्यालयात अर्ज द्या, म्हणजे पंचनामा होऊन भरपाईचा दावा उभा राहतो. परवाना मिळाला तरी मेलेलं जनावर सरकारचं. मटणाचा वाटा कोणी देऊ केला तर घेऊ नका.